शुभेच्छुकांच्या रांगेत

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे त्या दिवशी व्यासपीठावरून माझ्यासाठी ‘निर्भीड’ हा शब्द वाचला गेला आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. कोर्टात उभी राहिले की माझा आवाज चढतो, त्यावरून लोकांचा गैरसमज होतो. आवाज चढतो तो भीतीनं.

सत्कार आमच्या लॉ कॉलेजनं ठेवला होता. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी ज्यांनी वकिलीत नाव काढलं आणि समाजासाठीही काही केलं, अशा तिघाचौघांना ते दरवर्षी बोलावतात. माझं समाजकार्य म्हणजे नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायकांच्या केसेस मी चालवते. समितीतल्या बाईंचा फोन आला, “मॅडम, तुमच्या कार्याचे फोटो पाठवा ना, पडद्यावर दाखवू.” म्हटलं, फोटो नाहीत. “एकही नाही?” एकही नाही. त्यांना तो माझा विनय वाटला. माझ्या कामाचा फोटो निघाला की काम संपलंच, हे त्यांना कुठे समजावत बसू?

त्याच सुमारास माझ्याकडे एक बाई राहत होती. अशिलाला घरी ठेवू नये हे मी ज्युनिअर मुलींना बजावून सांगते. पण आधारगृहात जागा नव्हती, आणि तिच्या मानेवरचे वळ बघून मला तिला बसस्टँडवर सोडवेना. जागा होईपर्यंत म्हणून आली आणि राहिली. घरच्यांना मी एवढंच सांगितलं की ही माझ्या ऑफिसच्या कामाला आलेली पाहुणी आहे. तेव्हापासून सगळे तिला पाहुणीच म्हणायचे. खरं कुणालाही सांगायचं नाही, आईलाही नाही, ही आमच्या कामाची पहिली अट असते. सांगितलेलं गुपित आमच्या विचुंबे गावात संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

तिचा नवरा ट्रेलर चालवायचा. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर उचलायचा आणि घाटावर न्यायचा. म्हणजे दिवसाआड आमच्याच रस्त्यानं जायचा-यायचा. मी तिची वकील आहे हे त्याला ठाऊक होतं, नोटिशीवर माझं नाव आणि नंबर होता. ती कुठे आहे तेवढं ठाऊक नव्हतं. कोर्टाच्या आवारात एकदा तो माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला होता, “मॅडम, लपवा. पण रस्ता माझाय.” ओरडला असता तर मी कमी घाबरले असते.

आता आमच्या गावच्या हौसेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बारसं, वाढदिवस, बैल शर्यतीत जिंकला, पोरगा दहावी पास झाला, काहीही झालं की फ्लेक्स लागतो. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, बिल्डिंगी आल्या, तरी ही हौस आहे तिथंच आहे. मधोमध ज्याचं अभिनंदन त्याचा मोठा फोटो, आणि खाली शुभेच्छुकांची रांग, गोल गोल कापलेल्या चेहऱ्यांची. त्या रांगेतून कुणाला वगळणं म्हणजे वैर विकत घेणं. माझ्या चुलतभावाच्या एका फ्लेक्सवर धाकट्या काकीचा फोटो राहून गेला, तर काकी त्याच्या मुलीच्या बारशाला आली नाही. हा चुलतभाऊ मनानं सोनं आहे, पण फ्लेक्सचं दुकान दिसलं की त्याचा पाय पुढं जात नाही.

सत्काराच्या सकाळी मी पदराच्या निऱ्या पिनेत अडकवत होते. फोन वाजला, घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला होता. हायवेच्या फाट्यावर, ट्रेलर जिथं बंदराकडे वळतात तिथं, दोन बांबूंवर एक भलामोठा बोर्ड. ‘आमच्या लाडक्या ताईंचे हार्दिक अभिनंदन. समस्त परिवार व ग्रामस्थ, विचुंबे.’ माझं पहिलं लक्ष गेलं माझ्या नावाआधीच्या ‘सुप्रसिद्ध ॲडव्होकेट’ या शब्दांवर. वकिलानं स्वतःची जाहिरात करायची नसते, सनद गोत्यात येईल असं मनात आलं आणि मी चिडले. मग खालची रांग मोठी करून बघितली. आई, काका, दोन्ही काक्या, वहिनी. वहिनीच्या शेजारी पाहुणी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गच्चीवर सगळ्या बायकांचा एक फोटो काढला होता. तेव्हा ती जिन्यात होती असं मी धरून चालले होते. पण हा चेहरा त्याच फोटोतला होता, केसात माझ्या आईनं माळलेला गजरा होता. पिन बोटात घुसली तेही मला उशिरा कळलं.

चुलतभावाला फोन केला. “बोर्ड काढ. आत्ताच्या आत्ता.”

“काय झाला ताई? तुमचा फोटो चांगला नाय आला?”

“पाहुणीचा फोटो कुणी टाकायला सांगितला?”

“कोनी कशाला सांगाय पायजे? ती पन आता घरचीच हाय ना. तिला एकटीला वगळला तं बरा दिसला असता?” त्याचा आवाज दुखावलेला होता. “आमी काय वाईट केला ताई?”

काय सांगणार? त्यानं तिला घरचं मानलं होतं. याहून मोठा मान आमच्या गावाकडे द्यायला नाही. मी म्हटलं, तिच्या जिवाला धोका आहे, कारण विचारू नकोस, शिडी घेऊन ये. तो म्हणाला, “आलो.”

पाहुणी स्वयंपाकघरात चहाची भांडी घासत होती. मी म्हटलं, आज दार कुणालाही उघडायचं नाही, खिडकीतही यायचं नाही. तिनं का म्हणून विचारलं नाही. मान हलवली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

गावाच्या कमानीवर त्यानं असाच दुसरा बोर्ड लावला होता, तो सहज निघाला. फाट्यावरचा निघेना. पोरांनी तो वाऱ्यानं फाटू नये म्हणून तारेनं आवळून बांधला होता, जन्मभर टिकवायचा असल्यासारखा. भाऊ शिडीवर आणि खाली सत्काराची पैठणी नेसून मी, शिडी धरून उभी. समोरून ट्रेलरमागून ट्रेलर चाललेले. प्रत्येकाच्या काचेत मी चेहरा शोधत होते, आणि काचेत नुसतं आभाळ दिसत होतं. एकानं हॉर्न दिला तेव्हा माझ्या हातून शिडी सुटायची बाकी होती.

“ताई, तार नाय तुटत. तिचा फोटो कापून काढू?”

“एकटीचा नको. एक भोक दिसलं की माणूस तिथंच बघतो. अख्खी रांग काढ.”

“काकांचा पन?” त्यानं वरून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काकांचा गळाच कापायला सांगितला आहे. मग कटर चालवला. आई, काका, काक्या, सगळे पट्टीसारखे लोंबत खाली आले. वर मी तेवढी राहिले, हात जोडून हसणारी. पट्टी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “मी इचारलेला तिला. फोटो टाकू का म्हनून. हो बोलली.” मला वाटलं, अंगावर आलेलं झटकतोय.

बोर्ड कधी लावला म्हणून विचारलं. “परवा संध्याकाळी,” तो म्हणाला. दिवसाआड जाणारा माणूस. काल मी घराबाहेर पडले नव्हते; तो या फाट्यावरून गेलेला असणार.

सत्काराला जाऊ नये असं मनात होतं. पण न जावं तर फोन येणार, माणसं घरी येणार, का आली नाही म्हणून विचारणार. भाऊ म्हणाला, “तुमी जा. मी बसतो खाली गेटवर.” कॉलेजच्या गेटवर तुतारीवाल्यानं तुतारी फुंकली तर मी दोन पायऱ्या मागं सरकले. मला फुलं दिली, फेटा बांधला. एका निवृत्त न्यायाधीशांच्या शेजारी मी खुर्चीत बसले आणि पर्समधल्या फोनवर हात ठेवून राहिले.

मानपत्र वाचणारा विद्यार्थी छान वाचत होता. “अन्यायाविरुद्ध निर्भीडपणे...” इथं फोन थरथरला. थांबला. परत थरथरला. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते, आणि घामानं माझा फेटा कपाळावर ओला झाला होता. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, फोटोसाठी हसायला सांगितलं. मी हसले. तो फोटो कॉलेजच्या भिंतीवर लागला आहे म्हणे. मी बघायला गेलेले नाही.

दोन शब्द बोलायची माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, धन्यवाद, आणि खाली बसले. तेही विनयात जमा झालं.

मागच्या व्हरांड्यात जाऊन फोन बघितला तर अनोळखी नंबर. तेवढ्यात परत वाजला.

“मॅडम, अभिनंदन,” तोच हळू आवाज. मागं इंजिनाची घरघर. “काल बोर्ड बघितला. बायको बरी दिसते माझी. गजरा-बिजरा. विचुंबे म्हणजे फाट्यावरून आत ना?”

मी कोर्टाच्या आवाजात म्हटलं की हा फोन मी पोलिसांना कळवते आहे. तो म्हणाला, “कळवा की,” आणि फोन ठेवला. पोलीस ठाण्यात ओळखीच्या अधिकारी बाईंना लावला. त्या म्हणाल्या, माणूस पाठवते, पण तिला आधी तिथून हलवा. ते मलाही कळत होतं. गाडीपर्यंत मी पळत गेले, फेटा डोक्यावर आहे हे पार्किंगमधल्या माणसाच्या नजरेवरून कळलं.

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून भाऊ आणि त्याच्या मंडळाची माणसं बसली होती. त्यानं त्यांना काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. “येव दे त्याला,” एक जण म्हणाला. “आमी हाव ना.” बरं वाटलं, आणि त्यांचे हात बघून भीतीही वाटली. मला मारामारी नको होती. मला ती जिवंत हवी होती.

घरात पाहुणी पिशवी भरून दाराशी बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “आला का?”

“नाही. फोन आला. तुला कसं कळलं?”

तिनं खाली बघितलं. “परवा भाऊंनी बोर्डाचा फोटो दाखवला होता मला. सकाळी तुम्ही दाराचं बोललात, तेव्हा कळलं.” मग घाईघाईनं म्हणाली, “भाऊंची चूक नाही ताई. त्यांनी विचारलं होतं. म्हणाले, घरच्या सगळ्यांचा टाकतोय, तुमचा टाकू का. आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मी सगळीकडे खाली मान घालून आहे. मला माहीत होतं नको म्हणायचं. तोंडातून नको निघालंच नाही.”

मी तिच्यावर ओरडणार होते. दिवसभराच्या भीतीला बाहेर पडायला जागा हवी होती. पण ओरडता येईना. तासाभरापूर्वी मी तुतारी, फेटा, शाल, नारळ सगळं अंगावर घेऊन आले होते. तिनं मागितलं होतं ते एवढंसं, गोल कापलेलं, वहिनीच्या शेजारचं. आणि त्याचीच तिला किंमत मोजायची होती. मला रडू आलं. मी रडत रडतच तिची पिशवी उचलली.

सत्काराची शाल तिच्या डोक्यावरून घेतली, चेहरा झाकला, आणि तिला गाडीत मागं बसवलं. आईनं नारळ तिच्या मांडीवर ठेवला, न विचारता. कुठे नेलं ते इथंही लिहिणार नाही. एका बाईंकडे नेलं, जिथं कुणी फ्लेक्स लावत नाही.

रस्ता फाट्यावरूनच होता, दुसरा नव्हता. ऊन कलत होतं. बोर्ड दिसला, खालून फाटलेला, वर मी हसते आहे. मी वेग वाढवला. मागच्या सीटवर तिनं शालीचं टोक जरा वर उचललं आणि मान वळवून बघितलं.

“माझा काढलात?”

“काढला.”

“बरं केलंत,” ती म्हणाली. मग शाल पुन्हा तोंडावर ओढून घेतली. मला वाटलं झोपली.

“चांगला आला होता ना, ताई?”

“हो,” मी म्हटलं. “खूप चांगला आला होता.”

मी आरशात बघितलं. मागं एक ट्रेलर होता. आमच्या रस्त्यावर मागं ट्रेलर असतोच, असं स्वतःला सांगत मी गाडी पुढं काढली.