दादाचे वाइंडिंग

थोरल्या भावाचा ट्रान्सफॉर्मर त्याच्या चुकीने जळाला नव्हता, हे मी परवापर्यंत लपवून ठेवले.

परवा नांदेडला माझा नवा वाल्वचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर तापला, गरम वार्निशचा वास सुटला आणि मन उदगीरच्या जुन्या घरात गेले. तेव्हा दादाने तारेचा एकेक वेढा हाताने घालून, सगळे वाइंडिंग स्वतः करून, आपल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर केला होता. तो बाहेर गेला असताना, मी बनवलेला छोटा स्पीकर लावून पाहण्याच्या घाईत मी चालू अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या स्पीकरची वायर काढली. वाल्वच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जोडलेला नसला, तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तसा तो जळाला. परतल्यावर दादा काळी तार हुंगून म्हणाला, "माझंच वाइंडिंग कच्चं झालं रं." मी "हाव" म्हणत होकार देऊन मोकळा झालो. त्यानंतर त्याने तार हाती धरली नाही.

परवा तोच दादा माझ्यासमोर बसून ऐकत होता.

"लई गोड वाजून राहिलंय. ट्रान्सफॉर्मर कुणी केला?"

"विकतचा आहे."

"बरं केलंस. आपल्या हातात ते न्हाई."

मी गाणे थांबवले.

"दादा, तुझं वाइंडिंग पक्कं होतं. चालू असताना वायर मी काढली होती. मला माफ कर."