दिल्लीत जिवंत, मुंबईत मेलेली

लोक विचारतात, "सर, तुम्ही झेडपीचे मास्तर शिकवता कधी?" खरं सांगू? दोन निवडणुकांच्या मध्ये सवड मिळाली तर! पण किस्से इतके साचतात की मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधीच कोणीतरी सुरू होतं. मी वर्ध्याकडचा मास्तर आणि गावाचा बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारा. आम्हाला मालक दोन. लोकसभा-विधानसभा दिल्लीच्या आयोगाची, ग्रामपंचायत मुंबईच्या आयोगाची. नियम दोघांचे वेगळे, शिव्या खाणारे मात्र आम्हीच!

यंदाच्या ग्रामपंचायतीत तर माझीच मान अडकली. गावात गिरजाबाई दोन, दोघींच्या नवऱ्याचं नावही नामदेव. त्यातली एक वारली. मी यादीत मृत म्हणून खूण केली ती दुसरीच्या नावापुढं! मेलेली यादीत राहिली आणि जिवंत बाई उडाली. तिची सून मैना वॉर्ड दोनमधून उभी राहणार होती.

गिरजाबाई शाळेत आली. "जय भीम, मास्तर. मले काऊन मारलं तुमी?"

मी खाली मान घालून नवा अर्ज भरून घेतला.

*

ट्रेनिंगचा किस्सा सांगतो. साहेब, म्हणजे आमचे नायब तहसीलदार, नोटा, म्हणजे 'यापैकी कोणीच नको'चं बटण, समजावून सांगत होते. "दिल्लीच्या निवडणुकीत नोटाला कितीही मतं पडू द्या, जास्त मतांचा माणूस निवडून येतो. मुंबईच्या निवडणुकीत नोटा पुढं गेला तर निवडणूक पुन्हा! कारण इथं नोटा हा काल्पनिक उमेदवार धरतात."

पुलगावकडच्या एका मास्तरनं हात वर केला. "सर, काल्पनिक उमेदवाराले लेकरं किती चालते?"

साहेबांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

*

हा प्रश्न काही हवेतून आला नव्हता. त्याच आठवड्यात गावच्या वामनरावांचा सरपंचपदाचा अर्ज तिसऱ्या लेकरापायी उडाला होता. वामनराव साहेबांपुढं ठाण मांडून बसले.

"मंग आमदारकीले उभा राह्यतो. तिथं तीन चालते?"

"चालतात."

"पाच?"

"चालतात."

"अन् इथल्यासारखं सातवी पास लागते?"

"तिथं शिक्षणाची अट नाही."

वामनराव उठले. "म्हंजे नाली बांधाले मानूस निवडून-पारखून पाह्यजे, अन् कायदा कराले कोनीबी चालते! वा रे वा!"

साहेब माझ्याकडं पाहायला लागले, जसा काही कायदा मीच केला होता.

*

गिरजाबाईचं मतदार कार्ड आलं. फोटोसकट, चकचकीत. बाई खूश, मी तिच्याहून खूश. पण ग्रामपंचायतीची यादी लागली आणि तिच्यात नाव नाही!

आम्ही दोघं तालुक्याला गेलो. साहेब म्हणाले, "मुंबईवाले एक तारीख ठरवतात, त्या दिवशीची दिल्लीची यादी उचलतात आणि कुलूप लावतात. यांचं नाव नंतर आलं."

"पण साहेब, हे नाव मंजूर कोणी केलं?" मी विचारलं.

"मीच केलं."

"मग आता नाही कोण म्हणून राह्यलं?"

"मीच म्हणून राह्यलो. तेव्हा मी दिल्लीचा होतो." साहेबांनी टेबलावरचे दोन शिक्के दाखवले. एक दिल्लीच्या कामाचा, एक मुंबईच्या.

गिरजाबाईनं दोन्ही शिक्के उचलून पाहिले. "दिल्लीत मी जित्ती अन् मुंबईत मेलेली. मंग साहेब, वर्ध्यात काय हाओ मी?"

साहेबांनी तिला खुर्ची दिली.

*

मतदानाच्या दिवशी आमच्या शाळेतच केंद्र होतं, बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडं. एक काका मशीनपुढून हलेचनात. मी म्हटलं, "काका, झालं ना?"

"पावती नाई निंगाली अजून."

"ह्या निवडणुकीत निंगत नाई. ते दिल्लीच्या मशीनले राह्यते."

"म्हंजे मोठ्या निवडणुकीत मत कोठं गेलं ते पाहू देता, अन् गावच्या निवडणुकीत भरोसा ठेवा म्हनता? अरे बाप्पा, मी गावातच राह्यतो, म्हनून त भरोसा नाई!"

मागची रांग हसली. आम्ही हसू शकत नव्हतो, ड्यूटीवर होतो.

*

दुपारी गिरजाबाई आली, नवं लुगडं नेसून, हातात कार्ड. मी म्हटलं, "माय, काऊन आली?" ती म्हणाली, "संविधानानं देल्लं मत हाय. न येता कशी राहू?"

मैनेच्या विरोधात नलूबाई उभ्या होत्या. त्यांचा नवरा सुधाकर केंद्रात एजंट म्हणून बसला होता. तो ताडकन उठला. "यादीत नाव नाई, बाहेर काढा!" लेखी हरकतही दिली. नियमानं बरोबर होता तो, हेच तर दुखणं.

दारात कोणीतरी तिच्या कानाशी लागलं, "बुढे, मेलेल्या गिरजाबाईचं नाव हाय न यादीत. टाक तिच्या नावावर, कोन पाह्यते?"

बाई भडकली. "मी माह्यं मत मांगून राह्यली, मेल्या बाईचं नाई! गरिबाच्या घरची होती बिचारी, तिचं काऊन चोरू?" आणि तशीच घरी गेली. चूक माझी, आणि शिक्षा तिला.

*

मतमोजणी तालुक्याला, माझी ड्यूटी तिथंही लागली. मैनेनं सोबतचा प्रतिनिधी म्हणून सासूलाच आणलं. पोलिसानं ओळखपत्र मागितलं, तिनं दिल्लीचं कार्ड दाखवलं आणि त्यानं सलाम ठोकून आत सोडलं! मत टाकायला न चालणारं कार्ड मतं मोजायला चाललं.

आणि वॉर्ड दोनमध्ये मैनेला आणि नलूबाईला मतं पडली अगदी सारखी. एकाही मताचा फरक नाही! मोजलं, पुन्हा मोजलं, तेच. गिरजाबाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

नियमाप्रमाणं चिठ्ठी काढायची ठरली. साहेबांनी दोन नावं लिहिली, घड्या घातल्या, स्टीलच्या डब्यात टाकून हलवल्या. "वॉर्ड दोनचा मतदार नको. चिठ्ठी काढायला मत नसलेला माणूस पाहिजे."

सारे एकमेकांकडं पाहायला लागले. गिरजाबाई पुढं झाली. "मी काढतो. माह्यं मत नाई."

सुधाकर ओरडला, "सासू हाय ते तिची!"

साहेब वैतागले होते. "केंद्रावर ही मतदार नाही असं लेखी तुम्हीच दिलं ना? आणि बंद चिठ्ठी ओळखायला तिला काय दिव्यदृष्टी आहे?"

मैनेनं डोळे मिटले. गिरजाबाईनं डब्यात हात घातला, एक चिठ्ठी काढली आणि साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी वाचलं. "नलूबाई."

सुधाकरची माणसं नाचायला लागली. मैना मटकन खाली बसली. गिरजाबाई मात्र सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि डाव्या हाताचं बोट माझ्यापुढं धरलं.

"लावा मास्तर, शाई."