प्रत माहितीस्तव

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्त झाले, पण आवक-जावक काही सुटली नाही. मी युरोपातल्या विद्यापीठांत पीएच.डी.ची जागा शोधायला लागले तसं त्यांनी सोलापुरातल्या सगळ्यात जाड वहीवर रेघा मारल्या. काय पाठवलं, कुणाला, विषय काय, तारीख काय. शेवटचा रकाना शेऱ्याचा. सत्तेचाळीस ईमेल झाले आणि शेरा सत्तेचाळीस वेळा एकच: 'पोच नाही.' ती वही बंबात घालावीशी वाटायची मला.

आधीचे सेहेचाळीस गेले खड्ड्यात. पण सत्तेचाळिसाव्या बाई माझ्याच विषयावर काम करत होत्या. पावसानं ओढ दिली की ज्वारीची मुळं किती खोल जातात, हा तो विषय. त्यांच्याकडे एकच जागा होती आणि मुदत संपत आली होती. ती हुकली असती तर पुन्हा वर्षभर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं आलं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी सगळ्यांवर खेकसते.

दहा दिवस झाले तरी उत्तर नाही.

"स्मरणपत्र धाड की," अण्णा म्हणाले.

"तिकडं असलं काही चालत नाही, अण्णा."

"मग तितं फायली हलत्यात कशा?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर अण्णा भलतेच खुशीत. माझा लॅपटॉप उघडा, वहीत जावक क्रमांक अठ्ठेचाळीस. माझ्याच ईमेलवरून, कचेरीत कमावलेल्या इंग्रजीत त्यांनी बाईंना कळवलं होतं की वरील विषयी आपले उत्तर अद्याप अप्राप्त आहे, सबब तात्काळ कार्यवाही व्हावी. आणि खाली, प्रत माहितीस्तव: कुलगुरू. कुलगुरूंचा पत्ता त्यांनी वेबसाइटवरून हुडकून काढला होता. मला तिथल्या वसतिगृहाचा सापडला नव्हता.

"अण्णा, वाटोळं केलंत माझं!"

"सायबाला प्रत गेल्याबिगर खालचा माणूस हलत न्हाय," ते शांतपणे म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

दोन दिवस मी अण्णांकडे पाठ करून जेवले. आई भाकरी वाढता वाढता दोघांचाही उद्धार करत होती.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी चक्क माफी मागितली होती. माझा ईमेल स्पॅममध्ये पडला होता, आणि कुलगुरूंच्या ऑफिसनं विचारणा केल्यावर त्यांनी तो शोधून काढला होता. मंगळवारी मुलाखत ठेवली. त्यांनी पहिलंच विचारलं, ते दुसरं पत्र कुणी लिहिलं? मी खरं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या आणि मग तासभर मला मुळांवरून पिळून काढलं.

निवडीचं पत्र आलं. बाईंचं आधीचं उत्तर नुसतं शेऱ्यात गेलं होतं, हे मात्र अण्णांनी आवकेत घेतलं, क्रमांक एक. नेहमीपेक्षा हळू लिहीत होते.

निघायच्या दिवशी सामान बांधताना वाटलं, वहीही बरोबर न्यावी. उघडली तर ताजी नोंद होती. जावक क्रमांक एकोणपन्नास. काय पाठवले: मुलगी. विषय: ज्वारी. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात: 'सुखरूप पोचल्याची पोच तात्काळ द्यावी.'

वही होती तिथं ठेवली आणि मोरीत जाऊन रडले.

विमानातून उतरल्या उतरल्या मी पोच दिली. प्रत माहितीस्तव: आई.