आत्याचं पोट आणि आईचा हात

आमच्या बेटावरच्या गावात पोट बिघडलं की माणूस आधी वाओसाआत्याचं नाव घेतो, मग देवाचं. पाळकसाहेबांचीही याला हरकत नाही, कारण रविवारचं जेवण जिरवायला तेही तिच्याकडेच येतात.

वाओसा म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बेंबीपाशी जे ठोके लागतात, त्याला आम्ही 'तोआला' म्हणतो; तो जागचा सरकला की खाल्लेलं अंगी लागत नाही. आत्या खोबरेल लावून, बोटांनी दटावून त्याला जागेवर आणते. वर अंबाड्याची आणि जांभळाची साल किसून तिचं पाणी पाजते. त्यात आणखी एक पाला असतो. तो कोणता, हे आजीनं मरताना लेकीच्या कानात सांगितलं, सुनेच्या नाही.

ती सून म्हणजे माझी आई, आकेनेसे. आई माहेरून हेच औषध शिकून आली होती, फक्त त्या पाल्याविना. तेवढ्यानं गाव आत्याकडे, आणि दोघींची बोलणी खायला मी मधे.

आत्याचं पथ्य कडक. डब्यातलं मांस, आमचा लाडका पिसुपो, तिच्या रोग्याला वर्ज्य. एका शनिवारी गावात मयत झाली आणि मयताला रीतीप्रमाणे घरोघर पिसुपो वाटतात, त्यात आत्याच्या वाट्याला मोठा डबा आला. रविवारी दुपारी मी गेले तर आत्या चटईवर, गुडघे पोटाशी घेऊन.

"काय खाल्लंस?"

"काही नाही गं. अळकुडी."

उशाशी रिकामा डबा होता, चमच्यासकट.

"मी बस बघते. दवाखान्यात जाऊ."

"रविवारी कुठली बस? तोआला पार बरगडीत जाऊन बसलाय माझा."

"मग बसव ना जागेवर."

"स्वतःच्या पोटाला स्वतःचा हात चालतो का कधी, गाढवे?"

"मग आईकडे चल."

"त्यापेक्षा मला पुरा."

मग एक कळ आली. ती ओसरल्यावर आत्यानं हळूच विचारलं, "तुझी आई घरी आहे का?"

आमच्या घराला भिंती नाहीत. आईनं अब्रू झाकायला चारी बाजूंच्या माडाच्या झापा सोडल्या. भरदिवसा झापा खाली आल्या म्हटल्यावर उरलेलं गावही बघायला जमलं.

आई पोट दाबत म्हणाली, "वन्सं, चांगलंच भरलंय हो."

"अळकुडी खाल्ली."

"डब्यातली अळकुडी दिसतेय."

मग आईनं औषधाची वाटी पुढे केली. आत्यानं एक घोट घेतला मात्र, कळबिळ विसरून ताडकन उठून बसली.

"हे काय औषध म्हणायचं? नुसतं सालीचं पाणी! अगं, पेरूचे कोवळे शेंडे कुठायत यात? मूठभर शेंडे चुरडल्याशिवाय..."

आणि ती थांबली.

पेरू! ज्याला आम्ही डुकरं बांधतो, जो माजला म्हणून बाबा शिव्या देत तोडतात, तो पेरू! मला हसू फुटणार होतं, पण आत्याचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं. तिला ना नवरा, ना मूल. घराघरातून मासा येतो, पोरं पाणी भरतात, ते सगळं त्या एका पाल्यावर.

"संपलं," ती म्हणाली. "आता मला कोण विचारतंय?"

लग्न झाल्यापासून आई त्या पाल्याच्या नावाची वाट बघत होती. ती खाली मान घालून साल किसत राहिली.

"काय म्हणालात, वन्सं? डुकरांनी नुसता उच्छाद मांडलाय, काही ऐकू येत नाही." परसात डुकरं गाढ झोपली होती. आईनं माझ्याकडे बघितलं. "तुला आलं का गं ऐकू?"

"नाही बाई," मी म्हणाले.

आत्यानं वाटी मुकाट्यानं रिकामी केली. संध्याकाळी पोट हलकं झालं आणि जीभही. आकेनेसेच्या औषधानं फार तर चूळ भरावी, असं ती गावभर सांगत सुटली. मला असा राग आला!

पुढच्या महिन्यात बाबांचं पोट धरलं. सवयीप्रमाणे ते आईपुढे येऊन आडवे झाले. आईनं किसणी हातात घेतली, पायरीशी उगवलेल्या पेरूच्या रोपाकडे पाहिलं आणि किसणी परत टांगून ठेवली.

"माझ्या औषधात दम नाही," ती म्हणाली. "उठा, बहिणीकडे जा."

बाबा पोट विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.