डबीबाईंची बंद खोली

डबीबाई कोणाच्याही घरात शिरल्या की आधी छताकडे बघत. माणसं, चहा, खुर्ची, सगळं नंतर. वर एखादी कडी किंवा निदान वाकलेला खिळा दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. मग पिशवीतून प्लॅस्टिकची डबी निघायची आणि दोऱ्याने तिथे उपडी टांगली जायची, तीन महिन्यांसाठी.

बाई डोंबिवलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि पीएच.डी. करत. जमिनीतून, भिंतींतून रेडॉन नावाचा गॅस घरात येतो, कोंडलेल्या खोलीत साचतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर वाईट, असं त्या दारोदार समजावत. डबीतल्या फिल्मवर त्याच्या खुणा उमटत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या कळव्याच्या चाळीत गॅस तपासायचाय म्हटल्यावर माझ्या सासूबाईंनी सांगून टाकलं, "आमचा नंबर लागायचाय अजून. आम्ही स्टोव्हच वापरतो." बाई हसल्या नाहीत. नंबर कधी लावलात, हे विचारून त्यांनी आधी सासूबाईंबरोबर एजन्सीवाल्याला मनसोक्त नावं ठेवली. डबीचा विषय त्यानंतर निघाला.

बाळकुमची एक कोळीण आजी रोज डबी सोडून सुलटी बांधायची. "पालथा भांडा घरान बरा नाय, बाय," हे तिचं म्हणणं. बाईंनी एवढंच विचारलं, की देवळात घंटा कशी टांगतात? आजी विचारात पडली आणि दुसऱ्या दिवसापासून डबीला हळदकुंकू लागू लागलं.

आमच्या घरावर मात्र बाईंचा भलताच जीव होता. मी तेव्हा दुसऱ्या खेपेची बाळंतीण. तळमजल्यावरची खोली, एकच खिडकी, तीही वारं लागू नये म्हणून घट्ट लावलेली. अशी बंद खोली बाईंना दुसरीकडे कुठेच मिळाली नव्हती. नेहमी राहता तसंच राहा, काही बदलू नका, असं त्या बजावून गेल्या. सव्वा महिना सरला. मी खिडकीकडे हात नेला, तर सासूबाई म्हणाल्या, बाईंचं काम आहे, तीन महिने हलवायची नाही. मे महिना होता. बाळ घामोळ्यांनी लाल झालं होतं आणि मी मनातल्या मनात बाईंना शिव्या घालत होते.

पंधरा दिवस उरले असताना बाई डबी बघायला आल्या. सवयीने वर बघितलं आणि मग, पहिल्यांदाच, खाली. बाळ किरकिरत होतं, माझं अंग घामाने निथळत होतं. त्या उठल्या आणि त्यांनी दोन्ही झडपा सताड उघडल्या. सासूबाई दचकल्या. तुमचं काम वाया जाईल की, म्हणाल्या.

"आई, मी खोलीच बघत बसले," बाई म्हणाल्या. "हिच्याकडे बघितलंच नाही."

डबी त्यांनी स्वतःच उतरवली. नंतरही त्या येत राहिल्या, काही काम नसताना. बाळाला मांडीवर घेऊन तासभर बसत. पीएच.डी.चं विचारलं की "चाललंय" म्हणत.

नव्वदच्या दशकात त्या बदली घेऊन लांब गेल्या आणि तिकडेच वारल्या. ही बातमी त्यांच्या एका विद्यार्थिनीने सांगितली. बोलता बोलता ती म्हणाली, कळव्यातल्या एका बंद खोलीचा आकडा हातचा गेला, म्हणून बाईंचा प्रबंध वर्षभर अडकला होता. तिला त्या खोलीबद्दल एवढंच ठाऊक होतं. ते अख्खं वर्ष बाई माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसत होत्या, आणि मी त्यांना चहा देत होते.