देवाची बाटली

तालमीच्या आधी आमच्या बँडमध्ये एक गोष्ट नेमाने व्हायची. गाणी लिहिणारा आणि गाणारा माझा मित्र माझ्यासमोर उभा राहायचा, तोंड उघडायचा आणि माझ्या नाकावर श्वास सोडायचा. मी हुंगायचो आणि म्हणायचो, "साफ." मग तो गिटार गळ्यात अडकवायचा.

ही अट त्याच्या थोरल्या बहिणीची. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. नवरा गेल्यापासून ती माहेरी राहून शेती बघते. व्यसनमुक्ती केंद्रातून भावाला घरी आणल्यावर तिने मला बोलावून घेतलं. गुंजवण्याच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून तिची कोंबड्यांची शेड आहे. तो धंदा बंद झाला होता.

"हितं वाजवा काय वाजवायचंय ते," ती म्हणाली. "पर तोंड हुंगल्याबिगर त्याला वाजवू द्यायचं न्हाई. आन् हुंगायचं तू. तू शिकलेला हाईस. तू खोटं बोलणार न्हाईस."

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. भोरला रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो आणि आता एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. ड्रम शिकलो तोही शाळेतच, लेझीम पथकाच्या ढोलावर. मधल्या सुट्टीत ढोलाची खोली माझ्यासाठी उघडी ठेवणाऱ्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही. शाळेने दिलेल्या गोष्टींवरच आक्का विश्वास टाकत होती, म्हणून मला त्या कामाचा अभिमान वाटला.

तिसरा आमचा बासवाला. तो दुधाचा टेम्पो चालवतो. बँड म्हटल्यावर मार्गासनीच्या चहावाल्याने त्याला विचारलं होतं, "वरातीला किती माणसं आणता?"

"तिघं."

"तिघांत नवरदेव नाचंल व्हय रं? घोडं तरी नाचंल का?"

शेडला वर पत्रा आणि चारी बाजूंनी जाळी. मी ड्रमवर मारलेला ठोका पत्र्यावरून जरा उशिरा परत यायचा. चौथा कुणीतरी आमच्या मागे राहून वाजवतोय असं वाटायचं. जाळीतून धरणाचं पाणी दिसायचं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यातून जुन्या घरांची जोती वर यायची. मित्राची गाणी या सगळ्यात बरोबर बसायची. पिण्याच्या दोन वर्षांतलं त्याला फारसं काही आठवत नव्हतं, लोक सांगतील तेवढंच. त्या काळातल्या स्वतःला तो 'तो' म्हणायचा. "त्यानं आक्काला ढकललं हुतं म्हणं," असं सांगायचा, एखाद्या परक्याबद्दल सांगावं तसं.

आक्काने घर धुऊन काढलं होतं. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा ठेवली नव्हती. पण शेडच्या मागे उंबराखाली राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड आहे. दर अमावस्येला संध्याकाळी त्याच्यापुढे लिंबू, अंडं आणि दारूची एक क्वार्टर ठेवायची, झाकण उघडून. ही रीत तिच्या सासरच्या गावी आहे, आमच्याकडेही आहे. भाऊ सुधारावा म्हणून आक्का ते आणखी मनापासून करत होती. दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी दिसली की म्हणायची, "घेतली देवानं." जाणारा-येणारा कुणीतरी पिऊन जात असणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कुणी बोलत नाही. ती बाटली देवाची. तिला दारू म्हणून आम्ही कुणी मोजलंच नाही. मीही नाही.

मग माझ्या लक्षात आलं, की मित्राचं नवं गाणं अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी येतं. एकदा आलं, दुसऱ्यांदा आलं. शाळेतल्या कॅलेंडरवर मी तारखा पडताळून पाहिल्या. प्रत्येक वेळी तो माझ्या ड्रमच्या कडेवर बोटांनी एक चाल वाजवून दाखवायचा. चार ठोके भरभर, मग मोठा खंड, मग दोन. "असंच. घाई करू नको," म्हणायचा. ते वाजवताना माझ्या मानेवर काटा यायचा. तरीही चार महिने मी काही विचारलं नाही. गाणी चांगली होती. तेवढी चांगली गाणी आमच्याकडे पूर्वी कधीच नव्हती.

पाचव्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या सकाळी आम्ही रेकॉर्डिंग ठरवलं होतं, पुण्याला एका ठिकाणी पाठवायला. धुकं इतकं, की पाणी दिसत नव्हतं. बासवाल्याने माइक लावून ठेवले. मित्र शेडच्या मागून आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने श्वास सोडला.

वास आला. रसायनशास्त्र शिकलेल्याला तो ओळखायला अडचण पडत नाही.

मी म्हणालो, "साफ."

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग वाजवायला सुरुवात झाली. आजवर आम्ही इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. गाण्याच्या मध्यावर तो माइककडे पाठ करून माझ्याकडे बघत राहिला.

संपल्यावर तो मला उंबराखाली घेऊन गेला. दगडापुढे रिकामी बाटली आडवी पडली होती आणि माती ओली होती.

"दर खेपेला सकाळी येतो आन् ओतून टाकतो," तो म्हणाला. "बाटली उपडी केली का घट् घट् वाजती. कुणीतरी पितंय असं वाटतं. पैल्यांदा ओतली तवा बाटली रिकामी झाल्यावरबी दोन घोट ऐकू आलं. म्या घसा धरून बघितला. माझाच घसा हलत हुता. तोंडात थेंब न्हाई, आन् घसा गिळतोय."

त्याने उंबराच्या खोडावर बोटांनी तीच चाल वाजवली.

"चार ठोकं बाटलीचं, दोन त्या पिणाऱ्याचं. चार म्हयनं तू तेच वाजवतोयस."

मग त्याने शर्टाचा पुढचा भाग चिमटीत धरून पुढे केला. तो ओला होता.

"आज हितं सांडून घेतली. मुद्दाम. वास आला का न्हाई?"

"आला."

"तोंडाचा का शर्टाचा?"

"कळलं नाही."

"मंग साफ का म्हणलास, मास्तर?"

"रेकॉर्डिंग..." मी म्हणालो.

तो ओरडला नाही. "मी पिणार न्हाई असं मला कधीच वाटलं न्हाई," तो म्हणाला. "ज्या दिवशी पिईन त्या दिवशी तू थांबवशील, एवढंच वाटायचं. त्या भरवशावर रोज उठत हुतो."

मी तसाच आक्काकडे गेलो. ती वालाच्या शेंगा तोडत होती. बाटलीचं सांगितलं, मग माझं खोटं सांगितलं. दुसरं सांगायला जास्त वेळ लागला. तिने शेंगांची पाटी खाली ठेवली.

"देवाची म्हणून ठेवत हुते," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हंजी भावाच्या म्होरं मीच ठेवत हुते." आणि माझ्याकडे न बघता, "तू नगं हुंगूस आता."

पुढच्या अमावस्येला तिने नुसता नारळ ठेवला. तेव्हापासून नवं गाणं आलेलं नाही. पुण्याला आम्ही काही पाठवलं नाही. ते गाणं वाजवायचं कुणी नाव काढत नाही.

तोंड आता बासवाला हुंगतो. टेम्पोवाल्याचं नाक डिझेलने गेलंय म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. गेल्या रविवारी त्याने एकदा हुंगलं आणि म्हणाला, "थांब. परत." मित्राने परत श्वास सोडला. "अजून एकदा." मला वाटलं, आता चिडेल. तो चिडला नाही. तोंड उघडं ठेवून, डोळे मिटून उभा राहिला. ताप उतरल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. बासवाल्याला अजून खात्री पटत नव्हती. मी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि त्याला हवा तेवढा वेळ घेऊ दिला.