पत्र्याच्या राक्षसाचं गाणं

इंग्लंडात ग्रिम्सबी बंदरातल्या आमच्या पबमध्ये दर रविवारी दुपारी प्रश्नमंजुषा होते आणि ती मी, ग्लेनिस, चालवते. माझ्या तोंडाला सहसा कोणी लागत नाही. गुण माझ्या हातात असतात.

शेवटची फेरी गाण्यांची. त्यात मी मुद्दाम बावळट गाणी घेते. आमच्या लहानपणी टीव्हीवर परग्रहावरचे पत्र्याचे राक्षस आले, तेव्हा त्यांच्यावर गाणी काढायची साथच आली होती. कोणी राक्षसाशी लग्न लावत होतं, कोणी त्याला नाताळच्या जेवणाला बोलावत होतं. आज साठी उलटलेली माणसं ती ऐकून हात ताठ करतात, घरघर आवाज काढतात आणि हसून हसून डोळे पुसतात. प्रत्येक गाणं मी पंधरा सेकंद वाजवते, तेही एकदाच.

नॉरिस टपलिंग फक्त या फेरीपुरता यायचा, वीस वर्षं. एकट्याचीच टीम, बिअरचा एकच ग्लास. गाणी ओळखायची, कागद द्यायचा आणि निकालाआधी चालू पडायचं. गाण्यांचे गुण पुरे आणि बाकी सगळा भोपळा. पंधराव्या वर्षापासून तो गोदीवर मासे साफ करत आला होता. बर्फाच्या पाण्याने बोटं वाकडी झाली होती. लग्न केलं नाही, आईचं शेवटपर्यंत केलं. याहून जास्त कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. सगळा पब घरघर करत असताना हा दवाखान्यात नाव पुकारायची वाट बघत बसल्यासारखा कान देऊन बसायचा. मला त्याचा राग यायचा. हसायचं नाही तर यायचं कशाला?

रेकॉर्डी मी जुन्या बाजारातून खोक्याने आणते. फेरी संपली की त्यातली एखादी बिनकिमतीची रेकॉर्ड ओव्हनमध्ये पालथ्या भांड्यावर ठेवायची. पाच मिनिटांत ती मऊ पडते, कडा खाली येतात आणि चिप्स ठेवायला वाडगा तयार होतो. शेवटच्या नंबराला तो बक्षीस. लोकांना ही गंमत फार आवडते.

गेल्या नोव्हेंबरात मी एक रेकॉर्ड लावली. पोरांचा कोरस होता आणि मधे एक मुलगी पत्र्याच्या आवाजात मिठाई मागत होती. पब खिदळायला लागला. पंधरा सेकंद झाले आणि नॉरिसने हात वर केला.

“ग्लेनिसबाई, जरा पुढे वाजवाल का?”

“नियम सगळ्यांना सारखा, नॉरिस.”

“अडला, गडी अखेर अडला,” लेन पिकरिंग खाटीक मागून म्हणाला.

नॉरिसने त्या गाण्यापुढची जागा कोरी सोडली. कागद देताना म्हणाला की निकालानंतर जरा बोलायचं होतं. हा आता एका गुणासाठी घासाघीस करणार, असं मला वाटलं. बघू, म्हटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तो थांबला, म्हणजे शेवटच्या नंबराचं बक्षीस त्यालाच जाणार होतं. मग ज्या गाण्यावर अडला त्याचाच वाडगा द्यायचा, असं मी ठरवलं. माझा स्वभावच तसा आहे.

रेकॉर्ड ओव्हनमध्ये गेली, निकाल वाचला, टाळ्या वाजल्या. त्याने वाडगा दोन्ही हातांत घेतला आणि तळाचं लेबल वाचलं. लोक कोट चढवायला लागले, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

“यात आमची डोरीन होती,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. चौसष्ट सालच्या नाताळात चर्चच्या पोरांनी समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाइफबोटीला पैसे जमवायला ती रेकॉर्ड काढली होती, थोड्याच प्रती. बहीण चौदाची, राक्षसाच्या आवाजासाठी तिने बादलीत तोंड घातलं होतं. तो नऊ वर्षांचा, कोरसमध्ये. फेब्रुवारीत मेंदूज्वराने ती चार दिवसांत गेली. आईने घरची रेकॉर्ड कोळशाच्या फावड्याने फोडली आणि पुन्हा तिचं नाव घेऊ दिलं नाही. तिचा आवाज दुसऱ्या कशातच नव्हता. बाजार, दुकानं सगळं त्याने पालथं घातलं होतं. असली गाणी वाजवणारी गावात मी एकटी, म्हणून तो यायचा. कधीतरी लागेल म्हणून.

“अहो, मग बोलायचं होतं ना!” मी त्याच्यावरच ओरडले. मला स्वतःची लाज वाटत होती.

“काय बोलणार? सगळे हसत असतात.”

त्याने वाडगा टेबलावर ठेवला. “निवडताना तुम्ही पूर्ण ऐकलं असेल ना? शेवटी राक्षस परत जातो, तेव्हा ती माझं नाव घेते. ठरलेलं नव्हतं, आपली माझी खोडी काढायला. ते ऐकू येतं का? का मलाच नुसतं वाटतं, आता कळत नाही.”

मी सुरुवातीचे पंधरा सेकंदच ऐकले होते. मला तेवढेच लागतात.

“येतं,” मी म्हटलं. “स्पष्ट येतं.”

“कसं म्हणते?”

पळायला जागा नव्हती. मी घसा आवळला आणि लोकांना हसवायला काढते तोच पत्र्याचा आवाज काढून त्याचं नाव घेतलं.

त्याने डोळे मिटले होते.

“परत,” तो म्हणाला.